एका ओळीचा अर्थ सांगा

लॅपटॉप मिटा. सगळ्यांनी. "एकच मिनिट सर" म्हणणाऱ्यांनीसुद्धा.

गेल्या शनिवारी साधं काम दिलं होतं. ऑनलाइन दुकानाच्या विक्रीसाठी डेटा वेअरहाउसचा आराखडा करून आणा. सतरा जणांनी सतरा रंगीत चित्रं आणली. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्डचे थर, मधोमध स्नोफ्लेक, बाजूला आइसबर्ग आणि वर 'एआय' लिहिलेला एक ढग. मी विचारलं एवढंच, की विक्रीच्या टेबलातली एक ओळ म्हणजे काय? एक ऑर्डर, की ऑर्डरमधली एक वस्तू? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक महाशय म्हणाले, "सर, ते टूल हँडल करतं." काय हँडल करतं? कपाळ?

त्यांचाच डॅशबोर्ड उघडला. एका ऑर्डरमध्ये तीन वस्तू, पूर्ण ऑर्डरला डिलिव्हरीचे 60 रुपये. यांनी ऑर्डरचं टेबल वस्तूंच्या टेबलाला जोडलं, 60 तिन्ही ओळींवर उमटले, बेरीज झाली 180. गिऱ्हाइकाने न दिलेले 120 रुपये यांनी कमावून दाखवले! आणि तो आकडा हिरव्या बाणासकट, मोठ्या टायपात.

राल्फ किंबॉल यांचं 'द डेटा वेअरहाउस टूलकिट' 1996 साली आलं. त्यांनी घालून दिलेला क्रम असा: आधी कामाची प्रक्रिया ठरवा, मग ग्रेन, मग डायमेन्शन, शेवटी फॅक्ट. ग्रेन म्हणजे त्या एका ओळीचा अर्थ. तुम्ही ढगापासून सुरुवात केलीत.

पेढीवरच्या जुन्या मुनिमाला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कीर्दीतली एक नोंद म्हणजे एक व्यवहार, आणि खाडाखोड चालणार नाही. चुकलं तर उलटी नोंद करा, जुनी राहू द्या. तुम्ही काय करता? गिऱ्हाईक नाशिकहून नागपूरला गेलं, की शहराच्या रकान्यात बिनदिक्कत अपडेट मारता. मग गेल्या वर्षी नाशिकला झालेली विक्रीही नागपूरच्या खात्यात जाते आणि नाशिकचा मॅनेजर विनाकारण बोलणी खातो. टाइप टू डायमेन्शन मुलाखतीत घडाघडा सांगता ना? मग जुनी ओळ तारखेने बंद करून नवी घालायला हात का जड होतो? वेअरहाउस कसं बांधावं यावरून इनमन आणि किंबॉल यांच्या पंथांत कितीही वाद असले, तरी इतिहास पुसू नये यावर वाद नाही.

आता बिलाचं बोलू. बिगक्वेरीवर साध्या टेबलाचे सगळे रकाने मागवून खाली 'लिमिट 10' लिहिलंत आणि खूश झालात, की दहाच ओळी वाचल्या. माठांनो, तिथे डेटा रकान्यांनी साठवलेला असतो. जेवढे रकाने मागाल तेवढे पूर्ण वाचले जातात आणि ऑन-डिमांड दरात पैसे त्या वाचनाचे लागतात. लिमिट फक्त पडद्यावर. लागतील तेवढ्याच रकान्यांची नावं लिहायला बोटं दुखतात का? स्नोफ्लेकमध्ये स्टोरेज आणि कम्प्यूट वेगळं ठेवलंय ते काम नसताना कम्प्यूट बंद करता यावं म्हणूनही. तुमच्यातल्या एकाने ऑटो-सस्पेंड काढून टाकलं आणि रात्रभर चालू ठेवलं. घरचा पंखा असा ठेवता का?

आइसबर्गशी माझं वैर नाही. नेटफ्लिक्समध्ये ते जन्मलं, कारण हाइव्हची टेबलं फोल्डरच्या भरवशावर चालत आणि प्रचंड फायलींचा मेळ राखणं अशक्य झालं होतं. ती त्यांची खरी अडचण. तुमचा सगळा डेटा दोन जीबी. पेनड्राइव्हमध्ये मावतो.

सर्टिफिकेटं लिंक्डइनवर टाका, मला त्याचं काही नाही. पण गेल्या महिन्यात तुमच्यापैकी तिघांना मुलाखतीत कागद-पेन्सिल दिली आणि घाम फुटला. मला तिघांचेही फोन आले.

पुढच्या शनिवारी लॅपटॉप आणू नका. दोनशेपानी वही आणा. पहिल्या पानावर तुमच्या कंपनीतलं एक टेबल लिहा आणि त्याखाली एकच वाक्य: 'यातली एक ओळ म्हणजे…'. ते वाक्य पूर्ण करता आलं नाही, तर वर्गात येऊ नका.