देव, यंत्र आणि तीस तासांचे आयुष्य

‘क्योर्यू सेन्ताई ज्युरेंजर’ ही तोएई कंपनीची जपानी बालमालिका २१ फेब्रुवारी १९९२ रोजी टीव्ही असाही वाहिनीवर सुरू झाली आणि ५० भागांनंतर १२ फेब्रुवारी १९९३ रोजी संपली. ‘क्योर्यू’ म्हणजे डायनोसॉर आणि ‘सेन्ताई’ म्हणजे लढवय्यांची तुकडी. रंगीत पोशाखातल्या वीरांच्या ‘सुपर सेन्ताई’ मालिका जपानमध्ये १९७५ पासून येऊ लागल्या. त्यांपैकी डायनोसॉरांवर बेतलेली ही पहिली. ती संपल्यानंतर सहा महिन्यांनी, २८ ऑगस्ट १९९३ रोजी, अमेरिकेत ‘माइटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’ सुरू झाली. हैम सबान यांच्या कंपनीने जपानी मालिकेतील शिरस्त्राणधारी वीरांच्या लढाया आणि महाकाय आकृत्यांची दृश्ये उचलली, आणि उघड्या चेहऱ्यांचे प्रसंग अमेरिकन नटांना घेऊन नव्याने चित्रित केले. चित्रफीत बरीचशी तीच राहिली, पण तिच्यामागची सृष्टी बदलली. जपानी कथेत जो देव होता तो अमेरिकन कथेत यंत्र झाला, आणि जपानी कथेत जो मेला तो अमेरिकन कथेत वाचला. त्यामुळे या दोन मालिका शेजारी ठेवल्या की धर्मविचारातले दोन जुने प्रश्न आपोआप समोर येतात. देवपण आकृतीत असते की तिच्याशी जडलेल्या नात्यात? आणि आयुष्याला शेवट नसेल, तर ते पणाला लावण्याला काही अर्थ उरतो का?

मालिकेची कथा १७ कोटी वर्षांपूर्वी सुरू होते. माणसांच्या पाच प्राचीन जमाती आणि डायनोसॉर तेव्हा एकत्र नांदत होते, असे ती मानते. बांदोरा या चेटकिणीने या जगावर संकट आणले. तिला एका भांड्यात कोंडून दूरच्या ग्रहावर टाकण्यात आले आणि प्रत्येक जमातीतला एक योद्धा पुढच्या संकटासाठी दीर्घ निद्रेत गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस अंतराळवीरांच्या हातून ते भांडे उघडते. तेव्हा एका इमारतीचा रखवालदार म्हणून राहणारा बार्झा हा वृद्ध मांत्रिक त्या पाच जणांना जागे करतो. प्रत्येकाच्या पाठीशी एक ‘शुगोज्यू’, म्हणजे रक्षक पशू, उभा आहे : टायरॅनोसॉरस, मॅमथ, ट्रायसेराटॉप्स, सुळेवाघ आणि टेरॅनोडॉन. हे पाचही एकत्र आले की ‘दाइज्युजिन’ प्रकट होतो. या नावातली तीन चिनी अक्षरे महान, पशू आणि देव या अर्थांची आहेत.

जीवाश्मशास्त्राच्या कसोटीवर ही यादी टिकत नाही. मॅमथ आणि सुळेवाघ हे सस्तन प्राणी. टेरॅनोडॉन हा उडणारा सरीसृप, पण डायनोसॉर नव्हे. उरलेले दोघे खरे डायनोसॉर असले, तरी ते सुमारे ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. मॅमथांचा शेवटचा कळप तर उत्तर ध्रुवसागरातल्या रँगेल बेटावर सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होता. सतरा कोटी वर्षांपूर्वी या पाचांपैकी एकही पृथ्वीवर नव्हता. तरीही त्यांना एका माळेत ओवणारा धागा आहे : हे सगळे नामशेष झालेले जीव आहेत. मालिकेतले देव अमर लोकांतून उतरलेले नाहीत. ज्यांचा वंश मातीला मिळाला, त्यांचीच ही रूपे आहेत.

नामशेष झालेला पशू देव कसा होऊ शकतो, याचे उत्तर जपानी धर्मकल्पनेत आहे. अठराव्या शतकातले पंडित मोतोओरी नोरिनागा यांनी ‘कोजिकी’ या प्राचीन ग्रंथावर ‘कोजिकी-देन’ हे ४४ खंडांचे भाष्य लिहिले आणि ते १७९८ मध्ये पूर्ण केले. ‘कामी’ म्हणजे काय, याची त्यांनी केलेली व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. आकाश-पृथ्वीच्या देवता तर कामी आहेतच. पण माणूस, पक्षी, पशू, झाड, समुद्र, डोंगर यांपैकी जे काही नेहमीपेक्षा आगळे, प्रभावी आणि दरारा वाटायला लावणारे असेल, तेही कामी. ते चांगलेच असले पाहिजे अशी अट नाही. विश्व निर्माण करण्याची किंवा सर्वशक्तिमान असण्याची तर मुळीच नाही. या व्याख्येत टायरॅनोसॉरस सहज बसतो, किंबहुना त्याच्याइतका दरारा वाटायला लावणारा दुसरा पशू शोधावा लागेल.

अडचण निराळीच आहे. पडद्यावरचा दाइज्युजिन धातूचा दिसतो, त्याचे सांधे यंत्राचे आहेत आणि योद्धे त्याच्या आत बसून लढतात. ज्याच्या आत बसायला आसने आहेत, त्याला देव कसे म्हणावे? ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत हाताने घडवलेल्या वस्तूपुढे झुकणे हाच मूर्तिपूजेचा दोष मानला गेला, त्यामुळे तिथे देव आणि यंत्र या कोटी एकमेकींना छेदत नाहीत. भारतीय परंपरेने ही अडचण प्राणप्रतिष्ठेने सोडवली : मूर्ती कारागीर घडवतो, देवत्व विधीने येते. जपानी लोकसमजुतीत वस्तू आणि जीव यांच्यातली भिंतच पातळ आहे. शंभर वर्षे वापरलेल्या अवजारात जीव येतो, अशा ‘त्सुकुमोगामी’च्या कथा तिथे मध्ययुगापासून आहेत. मोडलेल्या सुया मऊ तोफूमध्ये खोचून त्यांना कृतज्ञतेने निरोप देण्याचा विधी आजही ८ फेब्रुवारीला, काही ठिकाणी ८ डिसेंबरला होतो. यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी तर यंत्रमानवातही बुद्धस्वभाव असतो, असे पुस्तकभर मांडले.

‘ज्युरेंजर’ यापुढे एक पाऊल जाते. दाइज्युजिन कोणी बांधलेला नाही. तो आधीपासून आहे. तो बोलतो, योद्ध्यांची परीक्षा पाहतो. आत बसलेला योद्धा त्याचा मालक ठरत नाही. माणसाच्या अंगात देव येतो असे आपण म्हणतो. इथे माणूस देवाच्या अंगात जातो, एवढा फरक. सत्ता कोणाची, हे आकृतीवरून ठरत नसून दोघे एकमेकांशी कसे वागतात यावरून ठरते. पहिल्या प्रश्नाचे मालिकेने दिलेले उत्तर हेच.

दुसऱ्या प्रश्नाचा भार बुराइ या सहाव्या, हिरव्या योद्ध्यावर आहे. तुकडीचा नायक गेकी हा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. यामातो जमातीच्या राजाच्या हातून त्यांचे वडील मारले गेले आणि त्याच राजाने तान्ह्या गेकीला दत्तक घेतले. सूडाने पेटलेला बुराइ आधी भावावर शस्त्र उचलतो आणि मग त्याच्याच बाजूला येऊन उभा राहतो. पण निद्रेत असतानाच दरड कोसळून त्याचा अंत झालेला असतो. क्लोथो नावाच्या जीवनदूताने त्याला पुन्हा उठवले आहे ते फक्त तीस तासांसाठी. काळ जिथे थांबतो अशा एका खोलीत तो राहिला, तर हे तास खर्च होत नाहीत. बाहेर पडला की त्याच्या आयुष्याची हिरवी मेणबत्ती वितळू लागते. ग्रीक पुराणात क्लोथो ही आयुष्याचा धागा कातणारी देवी. मेणबत्तीची कल्पनाही दूरवरून आलेली दिसते : सान्युतेई एन्चो या कथाकाराने एकोणिसाव्या शतकात रचलेल्या ‘शिनिगामी’ या विनोदी कथनातही माणसांची आयुष्ये मेणबत्त्यांच्या रूपात जळतात, आणि ते कथानक युरोपीय लोककथेवरून घेतलेले आहे.

या मांडणीत एक काटेकोर वैचारिक प्रयोग दडलेला आहे. खोलीत बुराइ हवा तितका काळ टिकू शकतो, पण तिथे करण्यासारखे काही नाही. बाहेर करण्यासारखे सर्व काही आहे, पण प्रत्येक कृतीची किंमत आयुष्यातून वळती होते. टिकणे आणि जगणे या एरवी सरमिसळ झालेल्या दोन गोष्टी इथे एका दाराने वेगळ्या केल्या आहेत. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असा युक्तिवाद केला, की अनंत आयुष्य शेवटी कंटाळ्याचेच होईल, कारण जगायला लावणाऱ्या इच्छा कधीतरी संपतात. बुराइची खोली त्याच्याही पलीकडचे दाखवते : तिथे इच्छा शाबूत आहेत, त्या पुऱ्या करण्याचा मार्ग तेवढा दाराबाहेर आहे.

सगळे ठरलेलेच असेल, तर धडपड कशाला, हा दैववादाचा नेहमीचा प्रश्नही इथे येतो. प्राचीन ग्रीसमध्ये या युक्तिवादाला ‘आळशी युक्तिवाद’ म्हणत : बरे व्हायचे नशिबात असेल तर वैद्य कशाला, आणि नसेल तरी वैद्य कशाला? स्टोइक तत्त्ववेत्ता क्रिसिपस याचे उत्तर असे, की बरे होणे आणि वैद्याकडे जाणे या जोडीनेच ठरलेल्या गोष्टी आहेत. एक काढून दुसरी उरत नाही. बुराइच्या बाबतीत फक्त शिल्लक ठरलेली आहे. ती कुठे खर्च करायची, हे त्याचे त्याने ठरवायचे. परीक्षित राजाला सात दिवसांची मुदत कळली तेव्हा त्याने कथाश्रवण निवडले. बुराइ दर वेळी दार उघडून बाहेर जातो. ४२ व्या भागात मेणबत्ती विझते आणि तो मरतो. त्याचे चिलखत गेकीकडे येते. देव त्याला परत आणत नाहीत.

देवांचे हे मौन श्रद्धेच्या विरोधात जाते, असे वाटू शकते. पण नामशेष झालेल्या पशूंना देव मानणाऱ्या सृष्टीत ते सुसंगत आहे. झेन आचार्य दोगेन (१२००–१२५३) यांनी ‘शोबोगेन्झो’ या ग्रंथात अनित्यता हाच बुद्धस्वभाव असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या मते नश्वरतेपलीकडे लपलेले काही शाश्वत सत्त्व शोधायचे नसते. बदलत आणि विरत जाणे हेच सत्याचे रूप असते. मालिका दोगेनचे नाव घेत नाही, पण तिचे देव याच जातकुळीतले आहेत. ते मरणापासून सोडवत नाहीत, मरणाच्या आत कसे वागावे याची परीक्षा घेतात.

मरणाची हीच बाजू खलनायिकेच्या कथेतही आहे. बांदोरा एके काळी राणी होती. तिचा मुलगा काई याने डायनोसॉरची अंडी फोडली आणि त्या रागात डायनोसॉरने त्याला मारले. मुलगा गेल्यावर तिने आपला आत्मा महासैतानाला विकला. डायनोसॉर आणि लहान मुले या दोहोंवरचा तिचा राग तिथून सुरू होतो. ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनच्या विचारात अनिष्ट म्हणजे चांगल्याचा अभाव. नोरिनागांच्या मते अनिष्टामागे ‘मागात्सुही’ ही वेगळी दुष्ट शक्ती असते. मालिकेत महासैतान आहे, म्हणजे दुसरी बाजू मान्य आहे; पण बांदोरापुरते अनिष्टाचे मूळ शोकात आहे. ज्या मरणाला बुराइ सामोरा जातो, तेच ती नाकारते. शेवटच्या भागांत सैतान काईला परत आणतो, तो पुन्हा मरतो, आणि मुलासाठी रडताच बांदोराची जादू नाहीशी होते. अश्रू आले म्हणजे तिने मरण मान्य केले, आणि नाकारण्यावर उभी असलेली शक्ती गेली. तिला ठार न करता साथीदारांसह पुन्हा भांड्यात कोंडले जाते.

अमेरिकन रूपांतरात हे दोन्ही धागे कापले गेले. दाइज्युजिन ‘मेगाझॉर्ड’ झाला : एक प्रचंड लढाऊ यंत्र. देवाची जागा काळाच्या फटीत अडकलेल्या झॉर्डन या मार्गदर्शकाने घेतली. प्राचीन जमातींचे योद्धे शाळकरी वयाची अमेरिकन मुले झाली. जपानी अभिनेत्री माचिको सोगा यांची बांदोरा ‘रिटा रिपल्सा’ म्हणून पडद्यावर राहिली, पण तिचा मेलेला मुलगा कथेतून गेला आणि दुष्टपणाला कारण उरले नाही. हिरव्या योद्ध्याची मेणबत्ती मात्र राहिली. फरक एवढाच, की ती विझल्यावर तिथल्या हिरव्या योद्ध्याची, टॉमी ऑलिव्हरची, शक्ती जाते, जीव नाही. १९९४ मध्ये तो पांढऱ्या पोशाखात परतला.

मुलांना मरणापासून दूर ठेवण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण त्याचा परिणाम उलट झाला. १९९४ मध्येच कॅनडाच्या प्रसारण मानक परिषदेने या मालिकेतली हिंसा नियमबाह्य ठरवली आणि न्यूझीलंडच्या सरकारी वाहिनीने तिचे प्रसारण थांबवले. लढाया जपानी चित्रफितीतूनच आलेल्या होत्या. जपानी कथेत त्या लढायांचा हिशेब द्यावा लागत होता : बुराइच्या प्रत्येक झुंजीने त्याची मेणबत्ती कमी होत होती. हिशेब काढून घेतल्यावर उरली ती निव्वळ मारामारी.

मूळ मालिकेवरही एक आक्षेप उरतो. बांदाई कंपनीने दाइज्युजिनचे खेळणे विक्रीला आणले. पाच पशू जोडून देव उभा करणे हे मुलांच्या हातातले काम झाले. ज्या देवाला कोणी घडवले नाही असे कथा सांगते, तो कारखान्यात हजारोंनी घडत होता. बाजारासाठी घडलेले देव जगाला नवे नाहीत. प्रत्येक तीर्थक्षेत्री ते मिळतात आणि घरी आणल्यावर त्यांची पूजाही होते. देवपण आकृतीत नसून नात्यात असते, हे मान्य केले की खेळण्यालाही तोच नियम लागू होतो. मोडल्यावर ते फेकून द्यायचे की सुईसारखा त्याला निरोप द्यायचा, हे ते ज्याच्या हातात आहे तो ठरवतो.