मधलं कुणाचं?

माझ्या फोनच्या वॉलपेपरवर 'स्टीफन्स क्विंटेट' आहे. १८७७ मध्ये एदुआर स्तेफान यांनी मार्सेयहून पाहिलेला पाच दीर्घिकांचा हा गट. जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ मध्ये टिपलेला. त्यातली एक आपल्या बरीच जवळ आहे, योगायोगाने त्याच दिशेला दिसते. उरलेल्या चार सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकींत गुंतल्या आहेत. त्यांपैकी एक सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने गटात घुसते आहे.

अशा टकरीत तारे एकमेकांवर जवळजवळ कधीच आदळत नाहीत. त्यांच्यातली अंतरंच तेवढी असतात. धडक बसते वायूला. इथे तर ती दीर्घिकांच्या मधल्या वायूला बसली आहे. आधीच्या झटापटींत बाहेर ओढला गेलेला हा वायू आता कुठल्याच दीर्घिकेचा उरलेला नाही. धडकेने तो इतका तापलाय की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटलेत.

बाबा आणि काकांची वाटणी झाली तेव्हापासून दोघंही एकच वाक्य म्हणतात, 'माझं काही बिघडलं नाही.' खरंच आहे. घरं, नोकऱ्या, तब्येती, सगळं शाबूत. गेलं ते मधलं. गणपतीतली एकत्र पंगत, मे महिन्याची सुट्टी, मी आणि माझी चुलतबहीण.

मग नुकसान झालं म्हणायचं का? सातबाऱ्यावर मधल्याची नोंद नसते. पण जे कुणा एकाचं नाही ते मोडलं तर दोष कुणाचाच नाही, हे मला पटत नाही. ते दोघांचं होतं, म्हणून जबाबदारीही दोघांची, आणि प्रत्येकाची पूर्ण.

बरीच वर्षं मी स्वतःला त्या वायूसारखा समजत होतो. मधे सापडलेला, निर्दोष. पण वायूला पर्याय नसतो. मला होता. ताईच्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली, तेव्हा मी 'अभिनंदन' टाइप केलं आणि बाबांना काय वाटेल म्हणून पुसून टाकलं. ते बाबांनी केलं नाही, काकांनीही नाही.

हायड्रोजनचा ओळखीचा लाल प्रकाश बहुतेकदा सुटलेला इलेक्ट्रॉन प्रोटॉनला पुन्हा सापडतो आणि पायरी पायरीने खाली उतरतो, तेव्हा बाहेर पडतो. यातून बोध काढायचा मोह होतो, पण इलेक्ट्रॉनला कुणाची माफी मागावी लागत नाही.

काल ताईला फोन लावला. तिने उचलला नाही. तो तिचा हक्क आहे. आज पुन्हा लावीन.