जिना ओळखीच्यांचा

२०१८मध्ये युनेस्कोने मुंबईच्या ओव्हल मैदानाभोवतीच्या आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशात घेतलं, उत्तम झालं. पण त्याच घराण्यातल्या कितीतरी इमारती दादर-माटुंग्यात उभ्या आहेत. तिकडे मान वर करून बघतं कोण? ज्याचं कुणीतरी तिथे राहतं, तो.

१८९६च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि हवा-उजेडाचा विचार करून हे भाग आखले गेले. पुढे सिमेंट काँक्रीट आलं नि कोपऱ्यावरची इमारत गोल वळवणं सोपं झालं. खिडकीवरचा छज्जा खरं तर ऊन-पाऊस अडवायला. खिडकीपुरता असता तरी भागलं असतं, पण तो कोपरा वळून पलीकडच्या खिडकीपर्यंत जातो. गॅलरीच्या कठड्यात लोखंडी पट्ट्यांचा उगवता सूर्य असतो. घरातल्यांना तो वाळत घातलेल्या टॉवेलांमागे पाठमोरा दिसतो, रस्त्यावरून मात्र अख्खा. म्हणजे पट्टी वळवायचे जास्तीचे पैसे मालकाने मोजले ते येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. मिरवायची हौस असेलही. असू दे, फायदा माझाच.

जिन्याचं तसं नाही. वॉचमनच्या ‘कुणाकडे?’ला उत्तर असल्याशिवाय तो बघायला मिळत नाही. माझी मैत्रीण तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दम खायला थांबावं लागतं, म्हणून दिसतं: पिवळसर मोझेकला काळी किनार, ती पायरीपायरीने वर चढत गेलेली. लाकडी कठडा खाली गोल गुंडाळून संपलेला, हात लागून लागून गुळगुळीत. वळणावर सिमेंटची उभी जाळी, आणि सकाळी गेलं तर तिच्यातून पायऱ्यांवर उतरलेले उन्हाचे चौकोन.

हे मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, “हो का? मला ती फुटकी पायरी तेवढी दिसते.” पाहुण्याला नक्षी दिसते, घरच्याला गळती. म्हणून वारशावरची माझी भाषणं मी तिच्याकडे जरा बेतानेच करते.

इमारत आता रिडेव्हलपमेंटला जायची आहे. मी हळहळले तेव्हा ती म्हणाली, “तू चहा पिऊन उतरशील. मला रोज चढायचंय गं.” तिच्या गुडघ्यांपुढे माझी जाळी कशी टिकणार! लिफ्ट यायलाच हवी. नव्या इमारतीचे नकाशे तिने टेबलावर पसरून दाखवले. कार्पेट एरिया, पार्किंग, लॉबीतला चकचकीत दगड, सगळं तपशीलवार होतं. गॅलऱ्या मात्र खोल्यांत घेतल्या होत्या, त्यामुळे कठड्याचा प्रश्नच मिटला होता.