आडनाव विचारण्याआधी

कॉलेजचा पहिला आठवडा हा एकमेकांना न्याहाळण्याचा आठवडा असतो. वर्ध्याहून सेवाग्रामला जाणाऱ्या रस्त्यावर त्या दिवसांत नवी मुलं लगेच ओळखू येतात. घोळक्यानं चालतात, बोलतात कमी, पण नजर सारखी भिरभिरत असते. कोणाच्या हातात कोणता मोबाइल, कोणाचे बूट कसे, कोणाला घरची गाडी सोडायला आली आणि कोण ट्रंक घेऊन एसटीनं उतरला, कोण ‘माझ्याकडे’ म्हणतं आणि कोण ‘माह्यापाशी’. दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या वर्गाची मनातल्या मनात वाटणी झालेली असते. हा हुशार, ती शिष्ट, तो खेड्यातला, ही पुण्याची.

हे सगळं किती झपाट्यानं होतं, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं. अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भागच डोळ्यांसमोर ठेवला, तरी माणूस भरवशाचा आहे की नाही, याचं मत पाहणाऱ्यानं बनवलेलं होतं. जास्त वेळ पाहू दिलं तर ते मत फारसं बदलत नव्हतं, स्वतःच्या मताविषयीची खात्री तेवढी वाढत होती. मला हा दुसरा भाग जास्त काळजीचा वाटतो. घाईत मत बनणं आपल्या हातात नसेल, पण पुढे पाहत राहायचं ते मत तपासायला की पक्कं करायला, एवढं तरी आपल्या हातात असायला हवं.

आपल्याकडे तर चेहऱ्याच्याही आधी आडनाव येतं. ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न किती साध्या आवाजात विचारला जातो! आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारायचं, तेवढ्यानंही भागलं नाही तर ‘नीटला किती होते?’, आणि मग हळूच ‘कोणत्या कोट्यातून?’ विचारणाऱ्याला वाटतं, आपण ओळख करून घेतोय. ज्याला विचारलं जातं, त्यानं मात्र या प्रश्नाचं उत्तर घरून निघतानाच तयार करून आणलेलं असतं. अठराव्या वर्षी, अंथरुणाची वळकटी बांधता बांधता. नंतरची सहा महिन्यांची मैत्रीसुद्धा त्या एका प्रश्नाची सल काढू शकत नाही, असं मी अनेक मुलामुलींच्या तोंडून ऐकलं आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या आठवड्यात हे प्रश्न विचारूच नयेत. सीनियर मुलांनी तर मुळीच नाही.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या पहिल्या दिवसांची मांडणीच निराळी केलेली आहे. गांधीजींच्या डॉक्टर आणि पुढे देशाच्या आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, हे कॉलेज सुरू केलं. इथे एमबीबीएसला प्रवेश घेतलेली मुलं पुस्तक उघडण्याआधी पंधरा दिवस आश्रमात राहतात. अंगावर खादी, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, श्रमदान, सूतकताई, साधं शाकाहारी जेवण. २०१९ पासून देशभरच्या सगळ्याच मेडिकल कॉलेजांत सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो; सेवाग्रामचा हा परिपाठ मात्र त्याच्याही कितीतरी आधीचा.

खादीनं सगळे सारखे दिसतात, असं म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. खादीतही जाडीभरडी आणि तलम असा फरक असतो, आणि कुडता सारखा असला तरी पायातली चप्पल बोलतेच. माझ्या मते खरी जादू कपड्यात नाही, टकळीत आहे. त्या टकळीपुढे सगळेच अडाणी ठरतात. डाव्या हातात पेळू धरायचा, उजव्यानं टकळीला पीळ द्यायचा, हात हळूहळू वर न्यायचा. पीळ जास्त झाला की सूत गुरगुटतं, कमी पडला की तुटतं. कोटाला दोन वर्षं काढून आलेल्याचंही तुटतं आणि ज्याच्या बापाचा कापूस दरवर्षी हिंगणघाटच्या बाजारात जातो त्याचंही तुटतं, कारण कापूस वेचणाऱ्या घरातल्या पोरानंही सूत कधी कातलेलं नसतं. इथे मार्क कामाला येत नाहीत, इंग्रजी येत नाही, आडनाव तर नाहीच. मग पाहणाऱ्याच्या नजरेला दुसरंच काही दिसू लागतं. सूत तुटल्यावर कोण चिडून टकळी बाजूला ठेवतो, कोण पुन्हा पेळूला टोक लावून बसतो, आणि कोण स्वतःचं सोडून शेजारणीचं जुळवून देतो. माणूस पारखायचाच असेल तर तो अशा ठिकाणी पारखावा.

पहिली नजर नेहमीच चुकते, असं मात्र मी म्हणणार नाही. भारतात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ नलिनी अंबाडी यांनी हार्वर्डमध्ये रॉबर्ट रोझेंथाल यांच्यासोबत केलेलं काम प्रसिद्ध आहे. शिक्षक शिकवत असतानाच्या काही सेकंदांच्या मूक चित्रफिती पाहून परक्या लोकांनी दिलेलं मत आणि त्याच शिक्षकांविषयी सत्राच्या शेवटी वर्गानं दिलेलं मत, यांचा चांगला मेळ बसला. म्हणजे माणसातली ऊब, उत्साह, मोकळेपणा पटकन कळतो. पण ती माणसं आपापलं काम करत होती, हे विसरू नये. हातात काम असलेल्या माणसाकडे पाहणं वेगळं आणि रांगेत अवघडून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहणं वेगळं. बुजलेला मुलगा पहिल्या दिवशी शिष्ट वाटतो, तो याच कारणानं. त्याला करायला काही दिलेलंच नसतं.

मैत्रीचं म्हणाल तर तिच्यात आपल्या पारखीपेक्षा योगायोगाचा वाटा मोठा असावा. जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात मिट्या बाक, स्टेफान श्मुकले आणि बोरिस एग्लॉफ यांनी मानसशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच भेटीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जागा वाटून दिल्या. प्रत्येकानं पुढे येऊन ओळख करून दिली, बाकीच्यांनी मत नोंदवलं. वर्षभरानं पाहिलं तर शेजारी बसलेल्यांत किंवा निदान एका ओळीत बसलेल्यांत मैत्री जास्त घट्ट झालेली होती. २००८ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका दिवसाच्या खुर्चीनं एवढं केलं!

आपल्या मेडिकलला तर ही खुर्ची वर्षभर टिकते. शवविच्छेदनाचं टेबल बहुतेक ठिकाणी रोल नंबरनं ठरतं आणि रोल नंबर अकारविल्हे. इंग्रजी यादीत देशमुखानंतर देशपांडे, मग धुर्वे, मग डोंगरे. या यादीला जातपात कळत नाही, जिल्हा कळत नाही, कोटा कळत नाही. फॉर्मलीनच्या वासानं चौघांचेही डोळे सारखेच चुरचुरतात, पहिल्या दिवशी चौघांच्याही पोटात ढवळतं. एकानं चिमटा धरायचा, दुसऱ्यानं चामडी सोडवायची, तिसऱ्यानं कनिंगहॅमचं पुस्तक वाचून दाखवायचं. कॅन्टीनमध्ये ज्यांनी एकमेकांच्या शेजारची खुर्ची कधी ओढली नसती, ती मुलं इथे कोपराला कोपर लावून उभी असतात. वसतिगृहाच्या खोल्या आणि प्रॅक्टिकलच्या बॅचेस मुलांच्या पसंतीवर सोडू नयेत, असं मला वाटतं ते यासाठीच. पसंतीवर सोडलं की पहिल्या दुपारची ती वाटणीच पुढची पाच वर्षं चालते.

आश्रमातल्या दिवसांनंतर या मुलांचं गावात शिबिर होतं. प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवलेली असतात. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, घरात माणसं किती, पाणी कुठून आणता. फॉर्म भरणाऱ्याला वाटतं, आपण घर पाहतोय. पण ओसरीवर बसलेली म्हातारीही पोरांना निरखत असते. चपला कुठे काढल्या, खाटेवर बसायला कचरली का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढे केलेला पाण्याचा गडू तोंडाला लावला की नुसता हातात धरून ठेवला. ज्या घराचं पाणी पिढ्यान् पिढ्या नाकारलं गेलं, त्या घरात डॉक्टरची पहिली परीक्षा त्या गडूवरच होते. ‘पोरगी पाणी पेली’ ही बातमी संध्याकाळपर्यंत मोहल्लाभर झालेली असते. दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला मग बायका आपणहून बाह्या वर करतात.

आश्रमात बापूकुटीपासून जवळच परचुरे कुटी आहे. परचुरेशास्त्री संस्कृतचे विद्वान, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सोबतचे. कुष्ठरोग झाल्यावर लोकांना त्यांचं संस्कृत दिसेनासं झालं, फक्त बोटं दिसू लागली. गांधीजींनी त्यांना आश्रमात जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या जखमा धुतल्या, मालिश केलं. डॉक्टर होऊ निघालेल्या मुलांनी त्या कुटीपुढे दोन मिनिटं जास्त थांबावं. कारण डॉक्टरला पहिल्या नजरेवर जगावं लागतं. फिकट पापण्या, सुजलेले घोटे, दारातून आत येतानाची चाल, हे त्याला क्षणात दिसलंच पाहिजे. आणि त्याच क्षणी माणूस दिसेनासा होण्याची भीतीही त्यालाच सगळ्यात जास्त.

वॉर्डात केस घ्यायला शिकवतात तेव्हा कागदावर सुरुवातीला नाव, वय, धर्म, व्यवसाय, पत्ता असतो. त्याखाली मुख्य तक्रार. ती रुग्णाच्याच शब्दांत लिहायची, आपल्या शब्दांत नाही, हा नियम. ‘जीव घाबरून राह्यला’ म्हणाला तर तेच लिहायचं. ‘हातापायाची आग होऊन राह्यली’ म्हणाली तर तेच. निदान नंतर. ही शिस्त शिकायला मुलं वॉर्डात पोचण्याची वाट कशाला पाहायची? खोलीत समोरच्या खाटेवर एक मुलगा पहिल्या दिवसापासून बसलेला आहे आणि त्याच्याविषयी आपल्याकडे जे आहे ते सगळं दुसऱ्यांच्या शब्दांत आहे. आज रात्री मेसहून आल्यावर दिवा घालवण्याआधी त्यालाच बोलू द्यावं.