लादलेले ब्रह्मचर्य

तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. याच रस्त्याने अमरावतीकडे निघाले की तुकडोजी महाराजांची मोझरी लागते. सेवाग्राम आणि पवनार तर तळेगावच्याच वर्धा जिल्ह्यातले. सेवा आणि संयम यांचा एवढा विचार झालेला टापू महाराष्ट्रात क्वचितच असेल, म्हणून हा प्रश्न इथेच विचारावा: ज्याचे पाय चालत नाहीत किंवा डोळे पाहत नाहीत, त्यालाही प्रेमाची आणि शरीरसुखाची ओढ असते, हे आपला धर्मविचार मानतो का? जुने ग्रंथ ते कुरकुरत का होईना मानतात. आपण मानत नाही. मनुस्मृती वधूच्या अव्यंग शरीराचा आग्रह धरते, आंधळ्या-बहिऱ्यांना वारसाहक्क नाकारते. पण त्याच नवव्या अध्यायात, अशांना लग्नाची इच्छा झाली तर त्यांच्या संततीला वाटा मिळावा, अशीही सोय आहे. म्हणजे इच्छा होणार हे गृहीतच. धृतराष्ट्राला अंधत्वामुळे राज्य नाकारले गेले, लग्न नाही. (गांधारीला कोणी विचारले होते, हा निराळा आणि मोठा प्रश्न.) जनकाच्या सभेतला पंडित अष्टावक्र सगळ्यांना ठाऊक असतो, अनुशासनपर्वातला, वदान्य ऋषींच्या मुलीवर, सुप्रभेवर, जीव जडलेला आणि शेवटी तिच्याशी लग्न करणारा अष्टावक्र किती जणांना आठवतो? त्याउलट हातपाय नसलेला, सरपटत पंढरीला निघालेला कूर्मदास आपल्याला मनापासून आवडतो. तसले शरीर भक्ताचे असले तर चालते, प्रियकराचे नको. कुब्जेच्या घरी कृष्ण गेला खरा, पण तिला आधी सरळ करून.

यावर वर्ध्याच्या मातीतूनच आक्षेप येईल की वासनेपेक्षा संयम श्रेष्ठ. मग अपंगाला तो आयताच मिळाला तर बिघडले काय? बिघडले ते त्या ‘आयता’मध्येच. गांधीजींनी ब्रह्मचर्याचे व्रत 1906 मध्ये घेतले, तेव्हा ते चार मुलांचे वडील होते. विनोबांनी तरुणपणी घर सोडले, पण स्वतःहून. ज्याच्या पुढून ताटच उचलून नेले त्याच्या उपाशी राहण्याला उपास म्हणत नाहीत. ज्यांना संयम खरोखर मोलाचा वाटतो, त्यांनीच या सक्तीला आधी विरोध करायला हवा. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खोटा नाही: परावलंबी माणसाचे शोषण सहज होते. पण त्यावरचा आपला उपाय काय असतो? 1994 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या संस्थेतल्या मतिमंद महिलांची गर्भाशये काढली गेली, तीही त्यांच्या भल्याच्या नावाखाली. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा उरत नाही. संरक्षण हवे असेल तर ‘नाही’ म्हणता यायला हवे, आणि ज्याला ‘हो’ म्हणण्याची मुभाच नाही त्याच्या ‘नाही’कडे कोण लक्ष देणार?

तिसरा आक्षेप सर्वांत सरळ आहे: प्रेम हक्काने मागता येत नाही. मान्य, कोणी कोणाला प्रेम देणे लागत नाही. पण वाटेतले अडसर काढणे समाज लागतो. वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी अनाथ अपंग मुलांना नुसता आसरा दिला नाही, आपले नाव दिले आणि त्यांची लग्नेही लावली. राज्य सरकारचा हिशेब वेगळा होता. 2014 मध्ये आखलेल्या विवाह-प्रोत्साहन योजनेत मदत होती ती अपंग आणि धडधाकट यांच्या लग्नाला. दोन अपंगांनी एकमेकांना निवडले तर त्या आखणीत त्यांना जागा नव्हती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे दहावे कलम मात्र स्पष्ट आहे: प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची योग्य माहिती अपंगांना मिळालीच पाहिजे, आणि त्यांच्या मुक्त संमतीशिवाय वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार करता येणार नाही. तेव्हा गावच्या आरोग्य केंद्रात कुबड्या घेऊन आलेल्या मुलीने यातले काही विचारले, तर ‘तुला कशाला हवंय हे?’ असे न म्हणता तिला उत्तर द्या.