थंडी मागताना

दसरा झाला की मी थंडीची वाट बघायला लागतो. ही सवय वडिलांकडून आली. दादा पहाटे ओट्यावर येऊन उभे राहायचे, तोंडावर वारा घ्यायचे आणि आत येऊन आईला सांगायचे, "अजून वारा फिरला नाही." मग दोन-चार दिवसांनी एखाद्या सकाळी म्हणायचे, "फिरला." त्या दिवशी त्यांचा चहा एक कप जास्त व्हायचा.

आता दादा नाहीत. ओट्यावर मी उभा राहतो. सोयाबीन निघालेलं असतं, मका सोंगून पडलेला असतो, ऑक्टोबरची ऊन्हं अंग भाजत असतात. अशात एक दिवस मोकळ्या वावरात शेपूट वरखाली हलवत परीट पक्षी दिसतो. नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर उत्तरेकडून बदकं उतरायला लागल्याची बातमी येते. आणि एके दिवशी आंघोळीनंतर डोक्याला लावायला घेतलेली खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाही. तेल थिजलं, की आमच्या घरात थंडी आली असं धरतात.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. महाराष्ट्रातली थंडी म्हटलं की पेपरात आमच्या तालुक्याचं नाव छापून येतं, कारण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर रोज पारा मोजतात. इथं बर्फ पडत नाही. पण कडाक्याच्या रात्री गवतावरचं दहिवर गोठतं आणि सकाळी चालताना पायाखाली कुरकुर वाजतं. लहानपणी आम्ही ते पांढरं बोटानं खरवडून जिभेवर ठेवायचो. बर्फ म्हणून आम्हाला माहीत होता तो एवढाच.

मी थंडीची वाट बघतो ती गव्हासाठी. गहू हे थंडीवर उभं राहणारं पीक. पेरल्यावर वीस-एकवीस दिवसांनी पहिलं पाणी द्यायचं, त्या सुमाराला थंडी चांगली असली की एका दाण्याला चार-पाच फुटवे येतात. आभाळ येत राहिलं, उबारा धरला, तर फुटवे कमी, ओंबी लवकर बाहेर, दाणा बारीक, वरून मावा. हरभऱ्यालाही कोरडी थंडी मानवते. म्हणून गहूवाला माणूस डिसेंबरात देवाकडं काही मागत असेल तर तो गारठा मागतो. मी आयुष्यभर मागितला. त्यात काही चूक असेल असं मला कधी वाटलं नाही.

माझा एक पुतण्या लष्करात आहे. त्यानं दोन हिवाळे वर काश्मिरात काढले. तिकडं बर्फ पडून गेला, आभाळ मोकळं झालं, की उत्तरेचा कोरडा वारा सुटतो आणि तीन-चार दिवसांनी आमच्याकडं पारा उतरतो, हे आता मोबाइलवर बघून पोराटोरांनाही कळतं. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, सकाळपासून बर्फ पडू राहिला." मी हरखून म्हणालो, "पडू दे, पडू दे. आपल्या गव्हाला लागतोच आता गारठा." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हो काका. माझी पाळी दोन वाजता लागंल रात्री." एवढंच. आवाजात राग नव्हता. घरच्या सगळ्यांची चौकशी करून त्यानं फोन ठेवला.

मी मात्र त्या रात्री लवकर झोपलो नाही. दोन वाजता एकदा बाहेर जाऊन आलो. चांदणं टिपूर होतं, गार होतं, गव्हाला पाहिजे तसंच होतं. पण मला बरं वाटेना.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला आहे. ज्या गोष्टीनं माझं भलं होतं आणि दुसऱ्याचे हाल होतात, ती गोष्ट मागावी का?

तुम्ही म्हणाल, म्हातारा उगाच खोलात शिरतोय. थंडी काय कुणाच्या मागण्यानं पडते? मी मागितली काय, न मागितली काय, वारा त्याच्या मार्गानं येणार. खरं आहे. मीही स्वतःला हेच सांगून पाहिलं. पण मग मला २०१८ सालचा डिसेंबर आठवला.

त्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुंदेवाडीला पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. सकाळी ठिबकच्या नळ्यांवर पांढरा थर होता. माझा गहू हिरवागार, कमरेत जोर धरलेला. बांधाला बांध लावून भावबंदाची द्राक्षबाग आहे. मण्यात पाणी उतरलं होतं, गोडी भरायला लागली होती. अशा वेळी एकदम गारठा पडला की मण्याची साल ताणते आणि मणी तडकतो. तडकलेला घड व्यापारी हातात घेत नाही. तीन रात्री तो, त्याची बायको आणि दोन्ही पोरं बागेत जागोजाग शेकोट्या पेटवून धूर करत होती, पहाटे विहिरीचं पाणी सोडत होती. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, तेवढीच जमिनीला ऊब.

चौथ्या दिवशी सकाळी मी बांधावर गेलो आणि सवयीनं बोलून गेलो, "काय झकास थंडी पडली रे!" त्यानं माझ्याकडं पाहिलं. हातात तडकलेला घड होता. "हो ना अण्णा," म्हणाला, "लई झकास."

माझ्या मागण्यानं त्याचा मणी तडकला नाही, हे मला कळतं. पण तीन रात्री त्याच्या बागेतला धूर माझ्या घरापर्यंत येत होता, आणि मी काय केलं? खिडकी लावून घेतली. मी थंडीवर खूश होतो, म्हणून मला धूर दिसला, धुरामागचा माणूस दिसला नाही. मागण्यानं आभाळात काही बदलत नसेल. मागणाऱ्यात बदलतं. त्याला तेवढंच दिसायला लागतं जेवढं त्याच्या कामाचं आहे.

इथपर्यंत लिहून मी वही मिटली होती. महिनाभर उघडली नाही. कारण पुढची गोष्ट ठाऊक होती आणि ती लिहायची नव्हती.

मी तेवीस-चोवीस वर्षांचा असेन. दहावी होऊन शेतीला लागलो होतो, लग्न नुकतंच झालेलं. आमच्याकडं एक सालदार होता. आखाजीला साल धरायचा, वर्षाचे ठरलेले पैसे, धान्य आणि दोन वेळची भाकरी. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. त्यानं मला औत धरायला शिकवलं, सापाला न मारता काठीनं बाजूला करायला शिकवलं.

पौष महिना होता. आमच्या भागाला त्या आठवड्यात रात्रीची लाइट होती, बाराला यायची. गव्हाला पाणी भरायची पाळी माझी होती. बाराला दादांनी हाक मारली. मी वाकळीतून तोंड बाहेर काढलं. अंगणात मामा बॅटरी घेऊन उभा होता. म्हणाला, "झोप भाऊ, मी जातो. दोन रोज झाले नाहीत लग्नाला." तो चेष्टेनं म्हणाला, लग्नाला चांगले दोन महिने झाले होते. मी हसलो आणि पुन्हा आत शिरलो. खुंटीला माझा नवा लोकरी स्वेटर होता, सासरकडून आलेला. मामाच्या अंगावर बंडी होती आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी तो स्वेटर पाहिला. पाहिलाच नाही असं म्हणता येणार नाही. वाटलं, चिखलानं खराब होईल.

रात्रीचं पाणी भरणं ज्यानं केलं नाही त्याला सांगावं लागेल. अनवाणी पायांनी वाफ्यात उभं राहायचं. वाफा भरला की फावड्यानं माती ओढून तोंड बंद करायचं, पुढच्याचं फोडायचं. पाण्यात पाय असेस्तोवर बरं वाटतं, पाणी कोमट असतं, वाफा निघतात त्यातून. बाहेर आलं की ओल्या पायाला वारा लागतो आणि पाय आपला राहत नाही. म्हणून माणूस पाण्यातच उभा राहतो. मामा पहाटे सहापर्यंत तसाच उभा होता.

सकाळी मी गेलो तेव्हा तो विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीला टेकून बसला होता. पायांची बोटं काळीनिळी. दात वाजत होते. मला म्हणाला, "दोन वाफे राहिले रे, लाइट गेली."

त्याची छाती भरली. तालुक्याला नेलं, दादांनी खर्च केला, त्यात कसूर झाली नाही. तो वाचला. पण दमा कायमचा मागं लागला आणि पाण्यात उभं राहायचं काम संपलं. त्याचा पोरगा त्या वर्षी दहावीला होता. परीक्षेला बसला नाही. आखाजीला बापाच्या जागी तो आमच्याकडं साल धरायला आला. मी दहावीचं सर्टिफिकेट कपाटात ठेवलेला माणूस, आणि माझ्या एका रात्रीच्या झोपेपायी त्याला ते कधी मिळालं नाही.

गहू त्या वर्षी एकरी चौदा पोती झाला. त्या काळी आमच्या शिवारात एवढा कुणाला झाला नव्हता. पुढं तीस-पस्तीस वर्षं मी ओट्यावर बसून पाहुण्यांना सांगत आलो, "थंडी म्हणजे त्या सालची थंडी. तसली पुन्हा पडली नाही." मला त्या सालची आठवण म्हणून चौदा पोती आठवायची. मोटारीच्या खोलीला टेकलेला माणूस आठवायचा नाही. माणसाच्या आठवणीलाही सोयीचं उपणता येतं. दाणा ठेवते, भूस उडवून देते. फक्त इथं भूस म्हणून उडालं ते माणूस होतं.

पुतण्याच्या फोननंतर ही आठवण सगळीच्या सगळी परत आली. मामा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याचा पोरगा आता साठीच्या जवळ आला आहे. साल कधीच सोडलं, गावात त्याची स्वतःची थोडी जमीन आहे, थोडी वाट्यानं करतो. मागच्या पौषात मी त्याच्या घरी गेलो. शेकोटीला बसलो. त्याला सगळं सांगितलं, खुंटीवरच्या स्वेटरसकट. वाटलं, तो चिडेल तर बरं होईल.

तो काटकीनं निखारे उकरत ऐकत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, बा शेवटपर्यंत सांगायचा त्या गव्हाचं. म्हणायचा, असला गहू मी उभ्या जन्मात पिकवला नाही."

मला काय बोलावं सुचेना. मामाही त्या गव्हावर खूश होता. तो गहू मी माझा समजत होतो, तो त्याला स्वतःचा समजत होता. थंडीही त्यानं मागितली असेल. फरक एवढाच, की मागितलेली थंडी त्यानं अंगावर घेतली आणि मी वाकळीत होतो. पोराच्या त्या बोलण्यानं मला माफी मिळाली असं मी धरत नाही. ती मागायला मी उशिरा गेलो होतो, आणि ज्याच्याकडं मागायची तो नव्हता. शिवाय दहावीचं तो पोरगा एक अक्षर बोलला नाही. मीही विचारलं नाही. ते तसंच राहिलं आहे.

मग थंडी मागावी की नाही? मी मागायचं सोडून पाहिलं. जमत नाही. गहू पेरलेला माणूस गारठा नको म्हणू लागला तर ते खोटं होईल, आणि खोट्यानं कुणाच्या अंगावर पांघरूण येत नाही. जगात बहुतेक गोष्टी अशाच आहेत. मला पाऊस हवा असतो तेव्हा कुणाचा कांदा उघड्यावर पडलेला असतो. कांद्याला भाव हवा असतो तेव्हा शहरातली एखादी बाई पावशेरच घेऊन परत जाते. सगळ्यांचं भलं करणारं एकही हवामान मी साठ-पासष्ट वर्षांत पाहिलं नाही.

पण जो मागतो त्यानं वाटा उचलला पाहिजे, एवढं मला पटलं आहे. थंडी मागायची तर ती कुणाकुणाच्या अंगावर पडणार ते आधी बघायचं, आणि आपल्या अंगावर थोडी घ्यायची. आमच्याकडं आता ठिबक आहे, मोटारीला ऑटो आहे, रात्रीचं पाणी भरणं पूर्वीसारखं राहिलं नाही. तरी अडीच एकराला अजून पाटानंच पाणी जातं. तिथं रात्रीची पाळी आली की मी स्वतः जातो. मुलगा ओरडतो, या वयात कशाला म्हणून. गमबूट घालतो, कानटोपी घालतो, तासभर थांबतो, मग तो येतो. कामाला माणूस असेल त्या रात्री स्वेटर आणि गमबूट त्याच्या पायाशी ठेवल्याशिवाय आत जात नाही. भावबंदाच्या बागेत धूर दिसला तर पाचट घेऊन जातो. याला पुण्य म्हणू नये. उधारी आहे, हप्त्यानं फेडतोय.

यंदा दसरा होऊन आठवडा झाला. आज पहाटे ओट्यावर उभा राहिलो तर वारा अजून फिरलेला नाही. खोबरेल तेल पातळच आहे. पुतण्याची बदली आता खाली झाली आहे, पण त्याच्या जागी वर कुणीतरी गेलाच असेल, कुणाचा तरी पुतण्या. बायकोनं काल ट्रंकेतून लोकरीचे कपडे उन्हात टाकले. त्यात तो जुना स्वेटर निघाला. कसर लागून भोकं पडली आहेत, कुणाला देण्यासारखा राहिला नाही. टाकून देऊ का, तिनं विचारलं.

मी म्हणालो, राहू दे. खुंटीला लाव.