घसारा

कॉमर्सच्या पदवीधराला जगाकडे पाहायची एकच तात्त्विक दृष्टी मिळालेली असते, आणि ती म्हणजे घसारा. आर्ट्सवाले अनित्यतेवर व्याख्यान देतात, सायन्सवाले एन्ट्रॉपी की काय म्हणतात तिच्यावर देतात. आम्ही ताळेबंदाच्या उजव्या बाजूला ‘वजा : घसारा’ एवढंच लिहितो आणि पुढच्या कलमाकडे वळतो.

या घसाऱ्याच्या दोन पद्धती. पहिली सरळ रेषेची. दरवर्षी ठरावीक रक्कम कापायची. म्हणजे एक दिवस असा उजाडतो की वस्तू डोळ्यांसमोर ठणठणीत उभी असते आणि वहीत तिची किंमत शून्य. दुसरी घटत्या शिलकेची. दरवर्षी जी किंमत उरली असेल तिच्यातले अमुक टक्के कापायचे. हिची गंमत अशी की किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य म्हणून कधी होत नाही. पणजीच्या तांब्याच्या बंबालासुद्धा काही पैसे शिल्लक निघतातच. माणसांचेही हेच दोन प्रकार असतात, असं माझं मत झालं आहे. आमचे मेव्हणे सरळ रेषेवाले. आमची आई घटत्या शिलकेवाली. आणि मी दोघांच्या मधे, म्हणजे बँकेचा क्लार्क जिथे नेहमीच असतो तिथे.

हे तत्त्वज्ञान अंगावर आलं ते होम थिएटरमुळे. २००८ साली आम्ही रोख ४०,००० रुपये मोजून ते घेतलं. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि या सहा जणांचं एकत्र कुटुंब सांभाळणारा कर्ता पुरुष, म्हणजे रिसीव्हर. एकूण नग सात. १५ टक्क्यांनी घटत्या शिलकेचा घसारा धरला तर १७ वर्षांनी किंमत येते सुमारे २,५२५ रुपये. मी काढून ठेवली आहे. भंगारवाल्यानं काट्यावर टाकून ३०० सांगितले. तोही सरळ रेषेवाला निघाला.

विकायचा विषय निघाला तो घरात नवा फोर-के टीव्ही आला म्हणून. टीव्ही आणि रिसीव्हर यांचं एकमेकांशी काही केल्या जमेना. मेव्हण्यांनी एक नजर टाकली आणि निकाल दिला, “भाऊजी, हे आता आउटडेटेड झालं. फेकून द्या आणि साउंडबार घ्या.”

आता इथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. चालू स्थितीतल्या वस्तूला ‘जुनी’ म्हणायचा अधिकार कोणाचा? आणि तो अधिकार आपण वापरला, तर ती दुसऱ्याला देताना काय काय सांगायला आपण बांधील आहोत? गीतेत याचं उत्तर असेलही. आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो हे तिथे सांगितलं आहे, पण जुनी वस्त्रं कितीला गेली हे सांगितलेलं नाही.

मी खोलात शिरलो, तेव्हा लक्षात आलं की ‘जुनं’ या एका शब्दाखाली आपण तीन निरनिराळी कलमं घालतो.

पहिलं कलम, झिजलेलं. स्पीकरच घ्या. आज घरोघर असतो त्या धर्तीचा स्पीकर चेस्टर राईस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये सिद्ध केला. लोहचुंबक, तारेची गुंडाळी आणि पुढेमागे हलणारा कागदाचा कोन. शंभर वर्षं झाली, मूळ कल्पना तीच आहे. त्यात जुनं होण्यासारखं काय, तर कोनाच्या कडेची फोमची पट्टी. दमट हवेत पंधरावीस वर्षांत ती भुसभुशीत होते, बोट लावलं की पीठ होतं. पण पट्टी बदलून मिळते, कॉईल उडाली असली तर तीही बदलून मिळते. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ज्याला ठाऊक आहे, त्याचा स्पीकर मरत नाही. हे जुनेपण प्रामाणिक. दिसतं, ऐकू येतं, दुरुस्त होतं.

दुसरं कलम, जुनं ठरवलेलं. आमच्या रिसीव्हरला झालं काहीच नव्हतं. पण एचडीएमआय नावाची जी जोडणी आहे, तिचे नियम २००२ सालच्या डिसेंबरात पहिल्यांदा निघाले, आणि मग परिपत्रकांमागून परिपत्रकं यावीत तशा आवृत्त्या आल्या. २००९ साली १.४, २०१३ साली २.०, २०१७ साली २.१. आमचा रिसीव्हर २००८ चा. मोडी सफाईनं वाचणारा कारकून, सगळं दप्तर एका रात्रीत बाळबोधीत झाल्यावर जसा खुर्चीत बसून राहील, तसा तो शोकेसमध्ये बसून राहिला. त्याची अक्कल शाबूत, फक्त विचारणाऱ्याची भाषा बदललेली.

हे मी जरा मनाला लावून घेतो, त्याला कारण आहे. आमच्या शाखेत एक ज्येष्ठ सहकारी होते. ते सही नजरेनं ओळखत. म्हातारपणानं खातेदाराचा हात कापायला लागला, अक्षराच्या कमानी कोसळल्या, तरी चेक हातात घेऊन “ही त्यांचीच” असं सांगत, आणि ती त्यांचीच असे. मग कोअर बँकिंग आलं. मशीननं त्यांच्याकडे पासवर्ड मागितला. सही ओळखता येते का, हे काही विचारलं नाही. निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. रिटायर होणाऱ्या माणसाला घड्याळ का देतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तिसरं कलम, मन भरलेलं. वस्तू झिजलेली नाही, भाषाही बदललेली नाही, फक्त शेजाऱ्यांकडे नवी आली आहे. या कलमावर अधिक लिहिलं तर घरात वाद होतील, म्हणून ते तसंच पुढे ओढतो.

आमचं प्रकरण दुसऱ्या कलमात बसत होतं, आणि त्यावर उपाय होता. चित्र परस्पर टीव्हीला द्यायचं आणि आवाज तेवढा टीव्हीतून ऑप्टिकल वायरीनं रिसीव्हरकडे आणायचा. ही जोडणी तोशिबानं आणली १९८३ साली, म्हणजे कपिल देवनं लॉर्ड्सवर कप उचलला त्या वर्षी. आणि काहीशे रुपयांच्या त्या वायरीतून पाच अधिक एकचा डॉल्बी डिजिटल आवाज आजही बिनतक्रार येतो. दोन भाषांमध्ये दुभाषा बसवावा तसं हे झालं. मी विजयी मुद्रेनं मेव्हण्यांना फोन केला.

पण आई. आई ७६ वर्षांची. तिला हल्ली कमी ऐकू येतं, आणि पातळ टीव्हीचे स्पीकर एकतर खाली तोंड करून बोलतात नाहीतर भिंतीकडे. होम थिएटरचा मधला स्पीकर मात्र बहुतेक संवाद एकटा बोलतो, आणि फक्त त्याचाच आवाज वाढवता येतो. त्यामुळे सिनेमातली हेलिकॉप्टरं मुलांची असली, तरी मधला स्पीकर आईचा होता. माझ्या दुभाष्यामुळे झालं काय, की दोन रिमोट झाले. आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग रिसीव्हरवरचं योग्य बटण. ऐन गर्दीच्या वेळी काउंटरवर फोन यायचा, “अरे, चित्र आहे पण माणसं बोलत नाहीयेत.” मी पैसे मोजता मोजता सांगायचो, “आई, छोट्या रिमोटचं डावीकडचं बटण.” समोरचा खातेदार आदरानं बघायचा.

हा दोन रिमोटांचा प्रश्न सोडवणारी सोय एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत आली. एकाच वायरीनं टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवायचा. म्हणजे आम्ही थिएटर घेतलं त्याच्या पुढच्याच वर्षी. तेव्हा मी एक कसोटी ठरवली : घरातली वस्तू किती जुनी झाली, हे तिच्या बिलावरच्या तारखेवरून ठरवू नये. घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला ती एकट्यानं वापरता येते का, एवढं पाहावं. त्या कसोटीवर रिसीव्हर बदलणं भाग होतं.

“मग सगळंच बदला,” मेव्हणे म्हणाले. इथे मला माझी नोकरी कामी आली. ग्रीक लोकांनी एक कोडं घालून ठेवलं आहे : थिसिअसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेलं, तर ते तेच जहाज राहतं का? दोन हजार वर्षं विद्वान त्यावर भांडताहेत. रिझर्व्ह बँकेनं मात्र उत्तर देऊन टाकलं आहे. पन्नास किंवा त्याहून मोठी फाटकी नोट काउंटरवर आली, तर सर्वांत मोठा सलग तुकडा ८० टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास पूर्ण पैसे. ४० ते ८० टक्के असल्यास निम्मे. त्याखाली राम म्हणा. हे माप लावलं. सात नगांतला एक बदलला तर उरतात सहा, म्हणजे ८५.७ टक्के. थिएटर तेच, किंमत पूर्ण. दोन बदलले की ७१ टक्के, म्हणजे निम्मे पैसे. तेव्हा एकच बदलायचा, असं रिझर्व्ह बँकेच्या साक्षीनं ठरलं.

तो नवा घ्यायचा की वापरलेला? नोटांत आयुष्य गेलेल्या माणसाला सेकंडहँडची शिसारी नसते. हजार हातांतून आलेली पाचशेची नोट पाचशेलाच चालते. आजवर कुणी काउंटरवर घासाघीस केलेली नाही. पण रिसीव्हर म्हणजे नोट नव्हे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला, आणि २००१ साली त्याला नोबेल मिळण्यात त्याच निबंधाचा मोठा हात होता. (साभार परत येणाऱ्या समस्त लेखकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) सार असं की, गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच खोटे धरून भाव पाडतो. मग चांगली गाडीवाला बाजारातून उठून घरी जातो, आणि मागे खटारेच उरतात.

हे सगळं ज्ञान एका प्रश्नात मावतं : “का विकताय?” मी सहा जणांना विचारला. चार जण अमेरिकेला चालले होते. जुन्या वस्तूंच्या बाजारावरून अंदाज केला, तर पुण्यात कुणी उरलंच नसावं असं वाटतं. पाचव्याचं उत्तर संशयास्पद लांब होतं. सहावा म्हणाला, “मोठा घेतला. हा चांगला आहे, पण पंखा जोरात वाजतो.” दोष सांगितला, म्हणून मी त्याच्याकडे गेलो. सगळी सॉकेटं लावून पाहिली, तासभर मोठ्यानं वाजवला, पाठीवरून हात फिरवला. हा प्राणी उष्णतेनं मरतो; आतले कपॅसिटर तापून सुकतात. (आमच्या जुन्यावर हिनं विणलेला क्रोशाचा रुमाल आणि त्यावर गणपती होता. तो १७ वर्षं जगला, हे श्रेय गणपतीचं.) नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत सौदा झाला.

मग पाळी आमच्यावर आली. जुना रिसीव्हर बघायला कॉलेजातला एक मुलगा आला. “काका, बघू का?” म्हणाला. ‘काका’ हा घसाऱ्याचा किती टक्क्यांचा दर आहे, याचा विचार मी करत असताना त्यानं बटणं फिरवून बघितली. भाव २,५०० ठरला, वहीतल्या किमतीच्या अगदी जवळ. आता गप्प बसायचं, की बोलायचं? ही स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांनी ‘गप्प बसा’ सांगत होती. मी म्हटलं, “हे बघ, दोन नंबरचं सॉकेट हललं की चित्र जातं. आणि आवाजाचा नॉब उडी मारतो, तीसचा एकदम छत्तीस होतो.”

तो हसला. “नॉबचं मघाशीच कळलं, काका. तुम्ही सांगता का, ते बघत होतो.” मग त्यानं ५०० रुपये कमी केले आणि बाकी काही एक न तपासता रिसीव्हर उचलून नेला.

ते ५०० रुपये कोणत्या खात्यात टाकावेत, यावर आमच्या घरात एकमत झालेलं नाही. हिच्या मते बुडीत खात्यात. मी ते खर्चाच्या बाजूला घालायला तयार नाही. दोष ठाऊक असून गप्प राहणारा प्रत्येक माणूस बाजारातल्या सगळ्या चांगल्या जुन्या वस्तूंचा भाव थोडा थोडा पाडतो, आणि हा घसारा कुठल्याच वहीत दिसत नाही. त्या मुलानं बाकीचं तपासलं नाही, म्हणजे निदान एका खोलीपुरता भाव थोडा वर गेला होता.

आई आता एका रिमोटवर सगळं चालवते, आणि काउंटरवर फोन येत नाही. मेव्हण्यांना मी ही सगळी नीतिमीमांसा रिझर्व्ह बँकेसकट ऐकवली. ते शांतपणे म्हणाले, “ते ठीक आहे, पण साउंडबार घेतला असता तर एवढा विचार करावा लागला नसता.”

हे मात्र अगदी खरं आहे. नव्या वस्तूबरोबर विचार करावा लागत नाही. न करण्याचे पैसे किमतीत धरलेले असतात.